कपाळावरचा चिखल

आमच्या घरी रोवण्याची मशीन आली तेव्हा तिचं स्वागत माझ्या स्वागतापेक्षा जोरात झालं. बारा वर्षांपूर्वी मी लग्न होऊन करडीत आले, तेव्हा दारात फोडलेला नारळ नासका निघाला आणि आठवडाभर गाव माझ्याकडे संशयाने बघत होतं. मशीनचा नारळ गोड निघाला. माझे सासरे भैय्यालालजी यांनी तिला हळद-कुंकू लावलं, पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली, आणि माझा नवरा कमलेश गादीवर बसून असा हसत होता की जणू धान आता आपोआप तांदूळ होऊन पोत्यात उडी मारणार.

मशीनचं काम असं. ट्रेमध्ये पऱ्हे वाढवायचे, म्हणजे धानाची रोपं. ती चटईसारखी गुंडाळून मशीनच्या पाठीवर ठेवायची, की ती चिखलात आठ ओळी एकदम रोवत जाते. कमलेशने ती साकोलीच्या एका प्रदर्शनात पाहिली आणि तिथल्या तिथे प्रेमात पडला. मला होकार द्यायला त्याने दोन महिने घेतले होते. मग बैलजोडी विकली, अनुदान मिळालं, उरलेल्याचे हप्ते बांधले.

"आपल्या शेतापुरती कोन मशीन घेते व?" तो मला म्हणाला. "लोकायचा रोवणा करून द्याचा, एकरी भाडं घ्याचं. वीस बाया दिवसभर करते तेवढं काम ही दुपारपर्यंत करते. धंदा हाय हा, धंदा!"

त्याच्या हिशेबात पेट्रोल होतं, ट्रे होते, पाऊस लांबला तर काय हेही होतं. फक्त करडी गाव नव्हतं.

पहिल्या दिवशी कमलेश स्वतः चालवायला बसला. चार ओळी बऱ्या गेल्या. मग धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोणीतरी "वा रे शेर!" म्हणालं आणि शेराने मागे वळून हात जोडले. तेवढ्यात मशीन धुऱ्यावर चढली आणि तोंड आभाळाकडे करून उभी राहिली. ओळी अशा वाकड्या गेल्या होत्या की बघणाऱ्याला चक्कर यावी. कंपनीचा माणूस मशीन शिकवायला आला होता तेव्हा कमलेश फोटो काढत होता आणि मी ऐकत होते. म्हणून मी लुगडं खोचलं, त्याला खाली उतरवलं आणि गादीवर बसले.

मला ती गादी आवडली, हे सरळच सांगते. बारा रोवणे मी याच बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, कंबर वाकवून काढले होते. रात्री पाठ टेकली तरी वाटायचं, आपण अजून वाकलेल्याच आहोत. सरळ पाठीने बसूनही रोवणा होतो हे कळलं तेव्हा मला आधी भयंकर राग आला आणि मग हसू आलं. मागे वळून पाहिलं तर आठ हिरव्या ओळी सुतात गेल्या होत्या. माझ्या हातून आयुष्यात इतकं सरळ काही झालं नव्हतं.

काम तर धो धो आलं. रोवण्याचा हंगाम जेमतेम महिनाभराचा. त्यात जे कमवायचं त्यावर मशीनने उरलेलं वर्ष टिनाच्या शेडमध्ये झोपा काढायच्या. त्यामुळे एक दिवस वाया घालवून चालत नाही. आम्ही वाया घालवला नाही. पण पैसा मात्र दिसेना.

कारण करडीत नात्याबाहेरचा माणूस म्हणजे एक पोस्टमन, आणि तोही आता इथला जावई झालाय. बाकी कोणी काका, कोणी मामा, कोणी साडू. कमलेशला कोणालाच नाही म्हणता येत नाही. त्याने चार घरी एकाच दिवशी "पयला नंबर तुमचाच" असं सांगून ठेवलं, चौघांचे पऱ्हे एकदमच तयार झाले, आणि चौघेही सकाळी आमच्या अंगणात चहा पीत एकमेकांकडे डोळे वटारून बसले. चहा आमचा, साखर आमची.

त्यातले धनीरामकाका सगळ्यात जवळचे. कमलेशचे चुलतकाका, किती चुलत हे विचारायचं नाही. मशीनला बांधीत बोटभर पाणी लागतं, तर यांनी पाणी पोटरीपर्यंत भरून ठेवलेलं. ते काढण्यात माझी अर्धी सकाळ गेली. काम झाल्यावर कमलेशने घसा खाकरला आणि एकरी भाड्याचा विषय काढला. काकाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अरे, घरचीच तं मशीन हाय गा! पैसे कुठी पळून चालले का? घेजो ना!"

हेच काकाजी तुमसरच्या बाजारात धान विकताना काट्यावर मान टाकून उभे राहतात आणि पसाभर धान खाली सांडलं तरी व्यापाऱ्याच्या सात पिढ्या काढतात. पण भाड्याचं नाव निघालं की त्यांना नातं आठवतं. कमलेश हसून "हो जी, हो जी" म्हणत घरी आला. मी त्याला विचारलं, "पैसे मागाले जीभ नाई का तुमाले?" तर म्हणतो, "काकाजीले कसं मागू व? लहानपनी खांद्यावर घेऊन फिरवलं त्याईनं मले."

त्या हिशेबाने तर अख्ख्या गावाने त्याला खांद्यावर घेतलेलं होतं.

हंगाम अर्धा सरला तेव्हा सासरे बोलले. ते रोज संध्याकाळी मशीनची चाबी माझ्याकडून मागून घेत आणि बंडीच्या खिशात ठेवत. त्या संध्याकाळी चाबी खिशात टाकली आणि म्हणाले, "आपला रोवणा झाला का कुलदीप येऊन मशीन घेऊन जाईन. मी त्याले जबान देली."

कुलदीप म्हणजे कमलेशचा मामेभाऊ. तुमसरला धानाचा व्यापार करतो, चार बोटांत पाच अंगठ्या घालतो. त्याने मशीनची किंमत अर्धी केली होती आणि वर सल्ला फुकट दिला होता, की असल्या धंद्याला धंदेवाला माणूस लागतो.

"हप्ता कशातून भराचा?" सासरे म्हणाले. "महिनाभर तुमी गावाची सेवा करसान, अन् अकरा महिने तिच्याखाली कोंबड्या अंडे देतीन. इकून मोकळे होऊ."

कमलेश जमिनीकडे बघत बसला. आमच्याकडे सुनेने सासऱ्यापुढे बोलायचं नसतं. त्यांच्यासमोर मी कधी खाटेवर बसले नाही. पदर डोक्यावरून खाली आला नाही. पण आत माझा असा संताप झाला की त्या रात्री भाकरी थापताना परात दणाणली. मशीन गेली की मी पुन्हा वाकणार होते. मला पुन्हा वाकायचं नव्हतं. एवढीच गोष्ट होती.

दुसऱ्या दिवशी मला मंदाबाई भेटली. गावातल्या रोवणाऱ्या बायांची टोळी तिची. मशीन आल्यापासून तिची टोळी टेम्पोत बसून परगावी रोवण्याला जायची आणि मला बघितलं की तोंड फिरवायची. त्या दिवशी टेम्पो आला नव्हता, म्हणून ती धुऱ्यावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा मळत होती. मी मशीन थांबवली.

"आमच्या हातचा रोवणा खाल्ला तुह्या मशीननं," ती म्हणाली. "खाल्ला तं खाल्ला. पैसे तरी भेटले का व?"

"नाई ना."

"म्हंजे आमाले काम नाई, तुले दाम नाई. अन् फुकटात रोवला कोनाचा? त्या धनीरामचा!" तिने खर्रा तोंडात टाकला. "आमी असतो तं त्याले असा सुक्का जाऊ देला असता का?"

हे ऐकून मी गादीवर ताठ झाले. सुक्का! मी विसरलेच होते. आमच्या भागात ज्या दिवशी एखाद्याच्या घरचा रोवणा संपतो, त्या दिवशी रोवणाऱ्या बाया शेवटच्या बांधीतला चिखल उचलतात आणि मालकाला लावतात. एकदा कपाळाला चिखल लागला की मालकाने तो धुवायचा नाही. आधी बायांची मजुरी चुकती करायची, वर जेवण कबूल करायचं, मगच पाण्याला हात लावायचा. न देता धुतला तर त्याचं हसं पुढच्या रोवण्यापर्यंत होतं. मशीन आली तशी लोकांनी रोवणाऱ्या बाया बंद केल्या, आणि चिखलही बंद झाला असं परस्पर धरून टाकलं. मशीन काय चिखल लावणार?

"पन मंदाबाई, सगळे तं नात्यातले हाय. अन् मी गावची बहू."

"चिखल लावताना नातं कोन पाहाते व? त्या दिवशी बाई कोनाची बहू नाई अन् कोनाची भावजय नाई. रोवणारीन रायते."

"मी तं बसून रोवतो."

मंदाबाईने खर्रा या गालातून त्या गालात नेला आणि विचार केला. मग खाली बघून विचारलं, "पायाले चिखल हाय ना?"

"हाय."

"मंग झालं."

आमचा सौदा तिथेच ठरला. मंदाबाई आणि तिच्या चार बाया ट्रे भरून देणार, आणि मशीन वळत नाही ते कोपरे हाताने रोवणार. त्यांची मजुरी मी भाड्यातून देणार. भाडं नाही आलं तर त्यांनाही नाही. त्यामुळे ते यावं अशी आता पाच जणींची इच्छा होती, आणि त्यांची इच्छा कमलेशच्या इच्छेपेक्षा बरीच दणकट होती.

धनीरामकाकांची बोडीखालची, म्हणजे तळ्याखालची, एक बांधी राहिली होती. ती आम्ही दुपारी संपवली. काकाजी छत्री घेऊन धुऱ्यावर उभे होते आणि "वा बहू, वा" म्हणत होते. मी मशीन बंद केली, खाली उतरले, वाकले, ओंजळभर चिखल उचलला आणि त्यांच्याकडे चालत गेले. माझ्यामागे चार बाया आणि मंदाबाई.

काकाजींच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विझलं. "काय व? काय करून राहिली?"

"रोवणा संपला ना जी, काकाजी," मी म्हणाले आणि त्यांच्या कपाळाला चिखल फासला. थोडा मिशीलाही लागला. तो मुद्दाम नव्हता, पण मी काढलाही नाही.

"अवो, मशीनच्या रोवण्याले चिखल कुठी रायते?"

"रोवणा रोवणा हाय," मंदाबाई म्हणाली. "भाडं टाका, मंग तोंड धुवा. नाईतं असेच जा तुमसरले."

शेजारच्या बांधीतले लोक कामं टाकून बघायला आले. काकाजींनी नातं काढलं, वय काढलं, ब्लडप्रेशर काढलं. बायका फक्त हसत होत्या आणि चिखल वाळत होता. वाळलेला चिखल कपाळाला ओढतो, खाज येते. शेवटी त्यांनी घरून पैसे मागवले, सगळ्या एकरांचे, आणि बायांना जेवणही कबूल केलं. मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांच्या पायावर माझ्या हाताचा चिखल लागला, त्याला माझा इलाज नव्हता.

मग आम्ही मागे राहिलेल्यांकडे वळलो. ज्यांचा रोवणा आधीच आटोपला होता ते म्हणाले की आता मुदत संपली. मंदाबाईने जागच्या जागी कायदा केला, की बांधीत पाणी आहे तोवर चिखल लागू आहे. तो कायदा मोडायची कोणाची छाती झाली नाही. एक मामा शेतावर यायचेच बंद झाले, तर आम्ही टमरेलात चिखल घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. माजी सरपंच आनंदराव नेहमी पांढऱ्याफेक कपड्यांत फिरतात. आमच्या ट्रेचा टेम्पो त्यांच्या गल्लीत वळला मात्र, इकडे कमलेशच्या फोनमधली बाई पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगू लागली. आनंदरावांचे पूर्ण पैसे आले होते. ते स्वतः खिडकीतून बघत होते.

त्यानंतर कमलेशची भीड एकदम मोडली. तो क्यूआर कोडचा पुठ्ठा गळ्यात अडकवून आमच्यामागे फिरू लागला. तोंडाने मात्र अजूनही "राहू द्या ना जी, काकाजी" म्हणायचा, आणि पुठ्ठा पुढे करायचा.

हप्त्याचे पैसे जमले. पेट्रोल सुटलं, बायांची मजुरी सुटली, वर थोडे उरले. मी ते सगळे सासऱ्यांपुढे ठेवले. वाटलं, आता तरी कुलदीपला नाही म्हणतील. त्यांनी पैशाकडे पाहिलं, चाबी नेहमीसारखी खिशात टाकली आणि म्हणाले, "जबान ते जबान. अन् बहू सगळ्या गावाले चिखल लावत फिरते, मले लोक हासून राहिले."

म्हणजे हप्त्याचं नुसतं नाव होतं.

शेवटचा दिवस आमच्याच शेताचा होता. सगळ्या काका-मामांना पहिला नंबर देता देता घरचा नंबर शेवटी लागला होता. सासरे धुतलेलं धोतर नेसून धुऱ्यावर उभे. रस्त्यावर कुलदीपची पिकअप लागलेली, मशीन चढवायला फळ्यासुद्धा आणलेल्या. गाव झाडून बघायला आलं होतं. धनीरामकाका सगळ्यांच्या पुढे. चिखल लागून गेलेल्या माणसाला तो दुसऱ्याला लागताना बघायची फार हौस असते.

मी शेवटची बांधी जितकी सावकाश करता येईल तितकी सावकाश केली. तरी ती संपली. मी मशीन बंद केली. सासऱ्यांनी हात पुढे केला, मी त्या हातावर चाबी ठेवली, त्यांनी ती खिशात टाकली. कुलदीप फळ्या लावायला निघाला.

मी वाकले आणि चिखल उचलला.

कमलेशने पुठ्ठा गळ्यातून काढून पाठीमागे लपवला. मंदाबाईसुद्धा हलली नाही. हे माझं मला करायचं होतं. मी धुऱ्यावर चढले. बारा वर्षांत मी या माणसाच्या सावलीवरही पाय दिला नव्हता.

"शालू," सासरे मागे सरकले. "मी सासरा हावो तुहा."

"घरी गेल्यावर जी, मामाजी," मी म्हणाले. "इथं तुमी बांधीचे मालक. मी रोवणारीन."

आणि मी त्यांच्या कपाळाला चिखल लावला. दोन बोटं, जास्त नाही.

मला वाटलं आता हात उगारतील. त्यांनी गावाकडे पाहिलं. गाव त्यांच्याकडे बघत होतं, आणि गावातल्या बहुतेक कपाळांनी मागच्या पंधरवड्यात हेच सोसलेलं होतं. कोणी त्यांची बाजू घेईना.

"बोल," ते म्हणाले. "काय पायजे?"

"चाबी."

"कुलदीपले जबान देली मी."

"त्याले जबान देली," मंदाबाई खालून म्हणाली, "पन चिखल इनं लावला."

कुलदीप काहीतरी बोलायला पुढे आला. चारही बायांनी एकदम वाकून मुठी भरल्या. तो पिकअपमध्ये जाऊन बसला आणि त्याने काच वर केली. फळ्या आमच्याच शेतात राहिल्या; त्या आता शेडमध्ये आहेत.

सासऱ्यांनी खिशात हात घातला आणि चाबी माझ्या चिखलाच्या हातावर ठेवली. मग धोतराच्या सोग्याकडे हात नेला, तोंड पुसायला.

"अन् रोवण्याचं भाडं, मामाजी?" मी विचारलं.

"घरचीच तं..." ते म्हणाले आणि थांबले, कारण मी पुन्हा वाकत होते. "भाव काय हाय?"

"सगळ्याले हाय तोच."

त्यांनी बांधीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट, मालकाने बघावी तशी. "थ्या कोपऱ्यात दोन जागा सुटल्या," ते म्हणाले. "तेवढे कमी कर."

मंदाबाई चार पऱ्हे घेऊन त्या कोपऱ्याकडे निघाली. सासरा सुनेवर ओरडतो, सुनेला सांगतो, सुनेला कधीमधी माफही करतो. पण घासाघीस तो फक्त धंदेवाल्याशी करतो. मला एकदम रडू फुटलं, तिथेच, सगळ्या गावासमोर, चिखलाचे हात तोंडाला लावून.

सासरे घाबरले. "बरं, बरं, अर्धी जागा सुटली," ते म्हणाले. "अर्धीचे कमी कर."

मी एक रुपयाही कमी केला नाही.